पहिल्या दिवशी कोण सांगतं?

कारखान्यातला पहिला दिवस माणसाला आवाजामुळेच लक्षात राहतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही आणि समोरचं यंत्र कुणासाठी थांबत नाही. अशा वेळी ‘इथं हात घालू नकोस’ हे त्या नवख्याला सांगायचं कुणी? प्रश्न साधा आहे. पण आपल्या कायद्याला त्याचं पुरतं उत्तर द्यायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढं गिरण्या वाढल्या तसे रत्नागिरी-साताऱ्याकडचे शेतकरी आले. उत्तरेकडून आलेले मुस्लिम विणकर मदनपुऱ्यात राहिले आणि साच्यांवर उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालवणारा माणूसही इथं नवखाच होता. घरचा माग हात थांबला की थांबतो. गिरणीत वरच्या फिरत्या दांड्यावरून पट्टे खाली येत; धोतराचा सोगा त्यात अडकला की माणूस ओढला जाई. धोटा साच्यातून उडाला तर डोळ्यावर बेतत असे.

माणूस कामावर घेई तो जॉबर. शिकवायचं काम गाववाल्याचं, भावाचं, चुलत्याचं. चार दिवस शेजारी उभं राहायचं आणि पाहायचं. ही शाळा अगदीच वाईट नव्हती. तिच्यात आपुलकी होती. पण माल जास्त तर पगार जास्त. त्यामुळं यंत्र न थांबवता काम उरकायची युक्तीही याच शाळेत शिकायला मिळे.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. यंत्राला कुंपण घाला, अपघात कळवा, असं त्यानं सांगितलं. सात वर्षांच्या मुलालाही त्यानं नऊ तास कामाची मुभा ठेवली. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा पांगळा झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. सुट्टी १८९० मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं.

त्या भरपाईच्या कायद्यात एक मेख होती. सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम कामगारानं जाणूनबुजून मोडला, तर जखमेची भरपाई नाकारता येत असे. म्हणजे ‘सांगूनही ऐकलं नाही’ हा दोष कायद्यानं ओळखला. ‘सांगितलंच नाही’ या दोषाला मात्र अजून जागा नव्हती.

ती थोडीफार मिळाली स्वातंत्र्यानंतर. १९४८ च्या कारखाना कायद्यानं म्हटलं, की अठरा वर्षांखालच्या कामगाराला धोक्याच्या यंत्रावर लावण्याआधी त्यातले धोके आणि घ्यायची काळजी पूर्ण समजावून सांगा. त्याला पुरेसं शिकवा किंवा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवा. चालू यंत्र तपासणाऱ्या माणसाला खास प्रशिक्षण हवं आणि अंगाबरोबरचे कपडे मालकानं द्यावेत, असंही त्यात होतं. पण गावाहून कालच आलेल्या पंचविशीतल्या साध्या कामगाराचं काय? त्याच्यासाठी होती दारावरची सूचना. इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत.

शब्दांशी रोजचा व्यवहार असणारा माणूस म्हणून मला इथं अडखळायला होतं. भिंतीवर लिहिलं म्हणजे सांगितलं का? ज्याला अक्षर येत नाही त्याचं काय? आणि बहुसंख्यांची भाषा ज्याची नाही, त्यानं कुणाला विचारायचं?

हा प्रश्न ऐरणीवर आला तो भोपाळमुळं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. खर्च वाचवण्यासाठी तिथली माणसं आणि त्यांचं प्रशिक्षण आधीच कमी केलेलं होतं. तीनच वर्षांपूर्वी तिथला एक कामगार फॉस्जीन वायूनं दगावला होता. वायू आला तर तोंडावर ओलं फडकं धरा, एवढी गोष्टही भोवतालच्या वस्तीला कुणी सांगून ठेवलेली नव्हती.

त्यानंतर १९८७ मध्ये कायदा बदलला. सर्व कामगारांना आवश्यक माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख देणं हे मालकाचं कर्तव्य ठरलं. सुरक्षेची माहिती मिळवणं आणि प्रशिक्षण घेणं हा प्रत्येक कामगाराचा हक्क झाला. १८८१ पासून मोजलं तर एकशे सहा वर्षं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली आहे. माहिती मिळण्याचा हक्क तिच्यातही आहे, नेमणूकपत्रही सक्तीचं आहे. मात्र विजेवर चालणारा कारखाना ‘कारखाना’ ठरायला जुन्या कायद्यात दहा कामगार पुरत. आता वीस लागतात. गल्लीबोळातल्या लहान यंत्रमागांवर, प्रेसवर, भट्टीवर अनेकदा तेवढी माणसं नसतात. तिथं अजून चुलता नाहीतर गाववाला हीच शाळा आहे.

आमच्या मोहल्ल्यात यंत्रमागावर काम करणारे एक चाचा होते. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. नवीन पोरगा आला की ते त्याला आधी माग चालवायला देत नसत. ‘पहले बंद करना सीख’, म्हणत. बटण दाखवत, त्याच्या हातानं तीनदा बंद करायला लावत आणि मग त्यालाच विचारत, ‘अब तू बता, क्या करेगा?’ त्याला नीट सांगता आलं, तरच माग सुरू होई. या सगळ्याला फार तर दहा मिनिटं लागत. चाचांना कायदा ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी नव्या पोरासाठी पहिल्या दिवशी तेवढी दहा मिनिटं तरी काढावीत.