रुपया आणि पौंड : दराचे गणित आणि त्यामागचा वाद

'१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता,' हे वाक्य तुम्ही मोबाइलवर कधी ना कधी वाचले असेल. ते खरे की खोटे, हे या टिपणाच्या शेवटी आपण साध्या गणिताने तपासू. मात्र त्या काळी रुपयाची गाठ डॉलरशी नव्हे, तर ब्रिटिश पौंडाशी बांधलेली होती. म्हणून आधी रुपया-पौंड दराची गोष्ट समजून घेऊ.

१. आधी एकके

कोणत्याही गणितात आपण प्रथम एकके तपासतो, तसेच इथेही करा. जुन्या पद्धतीत १ पौंड = २० शिलिंग आणि १ शिलिंग = १२ पेन्स, म्हणजे १ पौंड = २४० पेन्स. आपल्याकडे १ रुपया = १६ आणे आणि १ आणा = १२ पै. त्या काळी दर 'एका रुपयाला किती शिलिंग-पेन्स' असा सांगत. आज आपण 'एका पौंडाला किती रुपये' असे म्हणतो, ते याच्या नेमके उलट. १ शिलिंग ४ पेन्स म्हणजे १६ पेन्स. २४० भागिले १६, म्हणून एका पौंडाला १५ रुपये. १ शिलिंग ६ पेन्स म्हणजे १८ पेन्स. म्हणून एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै, अर्थात १३.३३ रुपये.

२. चांदीचा रुपया, सोन्याचा पौंड

रुपया चांदीचा होता आणि पौंड सोन्याशी बांधलेला. त्यामुळे दोन चलनांचा दर म्हणजे मुळात दोन धातूंच्या भावांचे गुणोत्तर. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळपास २ शिलिंग मिळत, म्हणजे पौंडाला सुमारे १० रुपये. पुढे जर्मनी आणि युरोपातील इतर देश सोन्याच्या चलनाकडे वळले, अमेरिकेतील खाणींतून चांदी भरपूर येऊ लागली आणि चांदीचा भाव कोसळला. १८९४-९५ पर्यंत रुपया सुमारे १३ पेन्सवर आला.

याचा चटका सरकारला बसला. निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च अशा 'होम चार्जेस'ची रक्कम पौंडांत द्यावी लागे, पण कर गोळा होई रुपयांत. म्हणून १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. नाण्यांची टंचाई झाली, तसा रुपया वर चढला आणि १८९८ पर्यंत १६ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर आला. तोच दर पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला.

३. दोन पेन्सचे भांडण

युद्धाच्या काळात चांदी महागली. १९२० मध्ये सरकारने २ शिलिंगांचा दर टिकवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. मग १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने १ शिलिंग ६ पेन्सची शिफारस केली आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. आयोगाचे एक सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदवून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला.

फरक दोन पेन्सचा. त्यावर एवढे रण का माजले, हे तीन उदाहरणांत पाहा. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

शेतकरी : लिव्हरपूलमध्ये कापसाला १२ पौंड भाव आला. १६ पेन्सच्या दराने त्याचे १८० रुपये होतात, १८ पेन्सच्या दराने १६०. शेतसारा आणि सावकाराचे कर्ज मात्र रुपयांत, तेवढेच.

इंग्रज अधिकारी : १,८०० रुपये शिल्लक मायदेशी पाठवली. पहिल्या दराने १२० पौंड, दुसऱ्या दराने १३५ पौंड.

सरकार : लंडनला १० लाख पौंड द्यायचे आहेत. पहिल्या दराने दीड कोटी रुपये लागतात, दुसऱ्या दराने सुमारे १ कोटी ३३ लाख.

मुंबईच्या गिरणीमालकांनाही महाग रुपया नको होता, कारण त्यामुळे परदेशी कापड इथे स्वस्त पडे. आयोगाच्या बहुमताचे म्हणणे असे की देशातील भाव आणि मजुरी १८ पेन्सशी जुळून गेली आहेत. ठाकुरदासांना ते मान्य नव्हते. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत मिठावरील कर रद्द करण्याबरोबर १ शिलिंग ४ पेन्सच्या दराचीही मागणी होती.

पण इथे घाईने निष्कर्ष काढू नका. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या आयोगापुढे साक्ष दिली होती. स्वस्त रुपयाने होणारा फायदा हा सगळ्या देशाचा फायदा नाही, हा त्यांचा मुद्दा. रुपया घसरला की वस्तूंचे भाव आधी वाढतात आणि मजुरी मागाहून. त्यामुळे व्यापाऱ्याला जे मिळते, त्यातले बरेचसे मजुराच्या ताटातून जाते. म्हणून 'रुपया मजबूत की कमजोर' एवढेच विचारू नका, 'कोणासाठी?' हेही विचारा.

४. आता १९४७ चा डॉलर

१९३१ मध्ये ब्रिटनने सोने सोडले, तरी रुपया पौंडाला १८ पेन्सच्या दरानेच बांधलेला राहिला. १९४७ मध्ये :

१ पौंड = १३.३३ रुपये
१ पौंड = ४.०३ डॉलर
म्हणून १ डॉलर = १३.३३ ÷ ४.०३ = सुमारे ३.३१ रुपये

म्हणजे ते वाक्य चुकीचे ठरले. १९४९ च्या सप्टेंबरात पौंड २.८० डॉलरवर आला. रुपयाचेही तेवढेच अवमूल्यन झाल्याने पौंडाचा दर तोच राहिला, पण डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने डॉलर ७.५० आणि पौंड २१ रुपयांवर गेला. १९७५ मध्ये रुपयाची पौंडाशी असलेली गाठ सुटली.

५. स्वतः सोडवा

(अ) १९६७ मध्ये पौंड २.४० डॉलरवर उतरला, रुपया मात्र ७.५० वरच होता. पौंडाचा नवा दर काढा.
(आ) पौंडाला १५ ऐवजी १३.३३ रुपये मिळाल्यास निर्यातदाराचे नुकसान किती टक्के? त्याच वेळी रुपया पेन्समध्ये किती टक्क्यांनी महागला? दोन्ही उत्तरे सारखी का येत नाहीत, ते एका वाक्यात लिहा.