बाजारातील चिपांतून घडलेला महासंगणक

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील संशोधनसंस्थांतले तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. ‘परम’ या नावाचा उगम मात्र एका अडलेल्या खरेदीत आहे.

१९८०च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेने अधिक सामर्थ्याचे यंत्र नाकारले. मिळाले ते तुलनेने लहान क्रे एक्स-एमपी, तेही कडक अटींवर. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी महासंगणकाचे काम सुरू झाले.

क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रक्रियक घडवणे वेळ आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी आवाक्याबाहेर होते. दुसरी वाट होती बाजारात मिळणारे अनेक साधे प्रक्रियक एकत्र जोडण्याची. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ मध्येच इंटेलच्या ८०८६ आणि ८०८७ चिपांतून ‘फ्लोसॉल्व्हर’ उभारून ती वाट चोखाळली होती.

सी-डॅकने ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्यूटर निवडला. ही निवड केवळ वेगासाठी नव्हती. अपूर्णांकी गणिताचा विभाग त्याच चिपवर असल्याने वेगळा सहप्रक्रियक लागत नसे. आणि शेजारच्या प्रक्रियकांशी बोलण्यासाठी चार दुवे चिपमध्येच असल्याने जोडणीचा खर्च वाचत असे. १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला.

तरी स्वस्त चिपांची किंमत दुसरीकडे मोजावी लागतेच. एखाद्या गणिताचा केवळ ५ टक्के भाग क्रमानेच सोडवावा लागत असेल, तर ६४ प्रक्रियक लावूनही वेग सुमारे १५ पटच वाढतो. कितीही प्रक्रियक जोडले तरी तो २० पटींपलीकडे जात नाही. म्हणून हवामान वा द्रवगतिकीच्या आज्ञावली समांतर पद्धतीने नव्याने लिहिणे हे यंत्र जुळवण्याइतकेच मोठे काम ठरले.

दुसरा धोका चिपच्या आयुष्याचा होता. ट्रान्सप्यूटरची पुढची पिढी रखडली आणि तो वंश मागे पडला. ‘परम ८६००’मध्ये इंटेलचा आय-८६० आला, ‘परम ९०००’ सुपरस्पार्क प्रक्रियकांवर गेला. चिप बदलत राहिली. टिकली ती समांतर आज्ञावली लिहिणारी माणसे आणि जोडणीचे ज्ञान.

हौसेने स्वतःचे वर्कस्टेशन जुळवणाऱ्या विद्यार्थ्यासमोर आज तोच हिशेब छोट्या प्रमाणावर येतो. त्याची आज्ञावली किती गाभे खरोखर वापरते, स्मृती त्यांना वेळेवर विदा पुरवते का आणि मदरबोर्डवर पुढच्या पिढीचा प्रक्रियक बसेल का, हे ठरल्यावरच किमतींच्या यादीला अर्थ येतो.