पुवांतील द्राक्षघोस

ज्या घरांत कोणास कधीं केसतूड झालें नाहीं, किंवा गळवावर कढत पोटीस बांधण्याचा प्रसंग आला नाहीं, असें घर आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांचें असेल. दुखणें इतकें परिचयाचें आहे कीं त्याला इतिहास असेल हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. आपल्या जुन्या वैद्यकांत विद्रधि आणि विसर्प हे दोन निराळे रोग मानिले आहेत. पहिला एका ठिकाणीं साचून पिकतो. दुसरा, म्हणजे मराठींतलें धांवरें, त्वचेंतून पसरत जातो. सुश्रुतानें सूज कच्ची, पिकत असलेली व पिकलेली अशा तीन अवस्था सांगितल्या, आणि कच्च्या गळवावर शस्त्र चालविणारा व पिकलेल्याची उपेक्षा करणारा, अशा दोन्ही वैद्यांची एकाच कठोर शब्दानें निर्भर्त्सना केली. निरीक्षण एवढें सूक्ष्म होतें. परंतु एक साचतो आणि दुसरा पसरतो तो कां, हें नुसत्या डोळ्यांनीं दिसण्याजोगें नव्हतें. त्या प्रश्नाचा पहिला धागा १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरांत हातीं लागला. तो ज्याच्या हातीं लागला त्या अलेक्झांडर ऑग्स्टनचें नांव आज क्वचितच ऐकूं येतें, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

युरोपांत कित्येक शतकें पू हा जखम भरून येण्याच्या क्रियेचाच एक भाग समजला जाई. दाट, पांढरा व दुर्गंध नसलेला पू दिसला कीं शस्त्रवैद्य समाधान पावत. लिस्टरनें १८६७ सालीं कार्बोलिक आम्लाची पद्धति प्रसिद्ध करून या समाधानास धक्का दिला. उघड्या जखमेंत बाहेरून जंतू शिरतात आणि ती कुजते, असें त्याचें म्हणणें. ऑग्स्टन हा त्याचा प्रथमपासूनचा अनुयायी. परंतु त्याच्या मनांत एक शंका राहून गेली होती. ज्या गळवावरील कातडी अखंड आहे, जेथें वाऱ्याचा शिरकाव नाहीं, तेथें पू येतो कोठून?

पायाला भयंकर सूज येऊन पू झालेल्या एका तरुण रोग्याच्या गळवांतील थेंब त्यानें कांचेवर घेतला, त्यास जांभळा रंग दिला, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धरिला. पुवाच्या पेशींच्या गर्दींत वाटोळ्या कणांचे पुंजके व माळा त्यास स्पष्ट दिसल्या. एवढ्यावर थांबला असता तर तो केवळ एक नशीबवान निरीक्षक ठरला असता. ब्रिटिश वैद्यक सभेकडून त्यानें पन्नास पौंडांचें साह्य मिळविलें आणि आपल्या राहत्या घरामागें लहानशी प्रयोगशाळा उभारली. तेथें त्यानें गळवामागून गळूं तपासलें. तीव्र गळवांत हे कण सांपडत. क्षयासारख्या रोगांत हळूहळू होणाऱ्या थंड गळवांत ते सांपडत नसत. गिनीपिग व उंदीर यांच्या अंगांत तो पू टोंचला तर त्यांसही गळवें होत. तोच पू तापवून किंवा कार्बोलिक मिसळून टोंचला तर कांहींएक होत नसे. कण वाढविण्यास योग्य खाद्य मिळेना, तेव्हां त्यानें कोंबडीच्या ताज्या अंड्यांत ते वाढविले. कार्यकारणभाव सिद्ध करण्याची ही रीत आम्हांस आजही आदर्शवत् वाटते.

एप्रिल १८८० मध्यें बर्लिन येथें जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेपुढें त्यानें हें संशोधन मांडलें व तेथें त्याचें चांगलें स्वागत झालें. स्वदेशांत मात्र उलट अनुभव आला. ॲबर्डीनसारख्या दूरच्या गांवांतून कांहीं मोलाचें निघेल हेंच राजधानींतील मंडळींस पटेना. खुद्द लिस्टरच्या गोटांतही, पुवाचें मूळ या कणांतच आहे हें मान्य होण्यास वेळ लागला. ज्या शिष्यानें गुरूचें तत्त्व त्याच्याहून एक पाऊल पुढें नेलें, त्याच्या वाट्यास हें आलें!

माळेच्या रूपांत राहणाऱ्या कणांस बिलरोथनें १८७४ मध्येंच स्ट्रेप्टोकोकस हें नांव दिलें होतें. पुंजक्यांस नांव नव्हतें. ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाच्या सूचनेवरून ऑग्स्टननें १८८२ सालीं त्यांस स्टॅफिलोकोकस म्हटलें. स्टॅफिली म्हणजे द्राक्षांचा घोस. रोझेनबाखनें १८८४ मध्यें त्यांचे सोनेरी व पांढरे असे दोन प्रकार रंगावरून वेगळे केले. पुढच्याच वर्षीं गारे नांवाच्या वैद्यानें सोनेरी जंतूंचा विरजा स्वतःच्या हातावर चोळला, आणि थोड्याच दिवसांत तेथें केसतुडांचा थवा उठला. धांवऱ्यांतील माळेचे जंतू वाढवून फेलायझेननें त्यांची सत्यता पटविली, परंतु त्यानें ते टोंचले ते दुर्धर गांठींनीं पिडलेल्या रोग्यांस. दोन्ही प्रयोगांनीं शास्त्र पुढें गेलें; आमचा आदर मात्र गारेकडेच ओढ घेतो.

या दोन रूपांत विद्रधि व विसर्प यांच्या भेदाचें बरेंचसें उत्तर होतें. घोसाचे जंतू रक्तद्रव गोठविणारें द्रव्य निर्माण करितात, आणि त्यांचें दुखणें बहुधा एका जागीं कोंडून पिकतें. म्हणून केसतूड, गळूं, अनेक तोंडांची काळपुळी. माळेच्या जंतूंजवळ उलट गोठलेलें विरघळविणारीं व पेशींमधला सांधा सैल करणारीं द्रव्यें असतात. म्हणून लाली पसरत जाते. ती कधीं त्वचेखालच्या पडद्यापर्यंत उतरते आणि मांस सडवीत जाते; मेलेनीनें १९२४ सालीं पेकिंग येथील अशाच रोग्यांचें वर्णन केलें आहे. हा भेद अर्थात् काटेकोर नाहीं. दोन्ही जातींचे जंतू एकाच जखमेंत सांपडल्याचें ऑग्स्टननेंही पाहिलें होतें. शिवाय सोनेरी जंतू पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकांत निमूटपणें वास करितो. एकाच माणसास पुन्हा पुन्हा केसतुडें कां होतात, याचें एक कारण तेथें आहे. मधुमेह असल्यास मग विचारावयासच नको.

ऑग्स्टन १९२९ च्या फेब्रुवारींत वारला. त्यापूर्वीं कांहीं महिने, १९२८ च्या सप्टेंबरांत, लंडनमध्यें फ्लेमिंगच्या एका तबकडीवर बुरशी पडून भोंवतालचे जंतू विरघळले होते. ते जंतू म्हणजे ऑग्स्टनचेच द्राक्षघोस. या बुरशीचें सत्त्व १९४१ मध्यें ऑक्सफर्ड येथें एका पोलिसास टोंचलें. त्याच्या अंगांत घोस व माळा दोन्ही माजल्या होत्या. त्यास झपाट्यानें उतार पडूं लागला, सत्त्व संपत आलें म्हणून त्याच्या मूत्रांतून तें पुन्हा काढून वापरलें, तरीही पुरेना; आणि तो गेला. पुढें पेनिसिलीन मुबलक झालें, तों त्यास न जुमानणारे घोस दिसूं लागले. त्यांवर तोड म्हणून मेथिसिलीन निघालें, आणि त्यासही दाद न देणारे जंतू इंग्लंडांत १९६१ सालींच नोंदले गेले. माळेचे जंतू मात्र पेनिसिलीनपुढें आजवर नमत आले आहेत.

साचलेल्या पुवांत औषध नीट पोंचत नाहीं. म्हणून पिकलेल्या गळवास आजही प्रथम शस्त्र लागतें, औषध त्याच्या मागून. आणि बाहेर आलेला थेंब कांचेवर घेऊन, रंग देऊन, त्यांत घोस आहेत कीं माळा हें पाहिलें जातें.