लोखंड, रंग आणि मेण

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्याच्या नावातच पोलाद आहे. पण तालुक्यातील कापडे परिसरात चार महिने कोसळणारा पाऊस त्या पोलादाची कसोटी पाहतो. पाणी आणि प्राणवायू एकत्र मिळाले की लोखंड गंजते. म्हणून मोटारीच्या पत्र्यावर रंग आला आणि पुढे रंगाच्या रक्षणासाठी लेप आले. या लेपांचा खरा उपयोग किती?

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणेच तेलरंग व व्हार्निश ब्रशाने लावत. एकेक थर वाळता वाळता आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचे नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेले लॅकर आले. 'लॅकर' या शब्दाचे मूळ आपल्या 'लाखे'तच आहे. ते फवारता येई आणि काही तासांत वाळे. मात्र उन्हापावसात त्याची चमक मंदावे. त्यामुळे मेण घासण्याची गरज राहिलीच. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर मिळणारे कार्नोबा मेण कठीण आणि चमकदार. पण साबणाच्या धुण्याने काही महिन्यांत निघून जाणारे.

१९६० च्या दशकात मोटारीचा सांगाडाच रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंग चढवण्याची पद्धत आली. कानाकोपऱ्यांतही रंग पोचू लागला. गंज रोखण्यात खरी झेप ती हीच. १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक थर देणे रूढ झाले.

यानंतरचे लेप चमकेचे राखणदार आहेत. टेफ्लॉन (शोध १९३८) सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. रंगवलेल्या मोटारीला एवढी उष्णता देता येत नाही. त्यामुळे पॉलिशमधील टेफ्लॉनचा तव्यासारखा अखंड थर तयार होत नाही. अलीकडचा सिलिकायुक्त 'सिरॅमिक' लेप मेणापेक्षा पुष्कळ टिकतो. त्यावर चिखल कमी चिकटतो. पक्ष्यांची विष्ठा रंगाला लगेच भिडत नाही; वेळीच धुतली तर डाग टळतो. पण मूळ रंग सुमारे १०० मायक्रॉन जाड, तर हा लेप साधारण एक-दोन मायक्रॉनचा. '९एच' ही त्याची कठीणता पेन्सिलीच्या मापाची आहे. घाटातला उडालेला खडा त्याला जुमानत नाही. जड पाण्याचे थेंब त्यावर वाळले तर डाग पडतात. शिवाय लेपापूर्वी जे पॉलिश करतात, त्यात मूळचा पारदर्शक थरच थोडा झिजतो.

गंज बहुधा टवका उडालेल्या जागी किंवा गाडीच्या तळाशी चिखल साचून सुरू होतो. तेथे वरची चमक कामास येत नाही. तळ धुणे, पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवणे, टवक्यावर लगेच रंग लावणे, हे स्वस्त उपाय अधिक मोलाचे.

वर्गात तीन खिळे घ्या: एक कोरा, एक रंगवलेला, एक रंगवून ओरखडा काढलेला. मिठाच्या पाण्याने ओलसर केलेल्या कापसावर ते आठवडाभर ठेवा आणि रोज नोंद करा. तिसरा खिळा कोठे गंजू लागतो, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.