करवतकाठी

करवतकाठी हा विदर्भातील हातमागावर विणल्या जाणाऱ्या वस्त्रांचा पारंपरिक काठ आहे. काठ आणि अंग यांच्या सीमेवर सुताराच्या करवतीसारखे दाते दिसतात, त्यावरून हे नाव पडले. टसर रेशमाच्या करवतकाठी साड्या नागपूर आणि भंडारा या जिल्ह्यांत विणल्या जातात. त्यांना लागणारे टसर पूर्व विदर्भातील जंगलांतून मिळते.

कच्चा माल

टसरचे किडे ऐन व अर्जुन (सादडा) या झाडांच्या पानांवर वाढतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हे किडे पाळण्याचा व्यवसाय प्रामुख्याने ढिवर समाजाकडे आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. तत्पूर्वी गोंदियाचा टापू भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. टसरचा मूळ रंग मधासारखा किंवा फिकट तपकिरी असतो. त्यावर गडद काठाचे दाते उठून दिसतात.

विणकाम

करवतीचे दाते छापलेले किंवा भरतकाम केलेले नसतात. ते विणीतूनच घडतात. त्यासाठी तीन धोटे वापरतात: एक अंगासाठी आणि दोन दोन्ही काठांसाठी. अंगाचा बाणा व काठाचा बाणा सीमेवर एकमेकांत अडकवले जातात. अडकवण्याची ही जागा ठरावीक ताण्यांनी क्रमाक्रमाने आत सरकवून पुन्हा मागे आणली, की एक दाता पूर्ण होतो. प्रत्येक ओळीत हे हाताने करावे लागत असल्याने काम संथ चालते. परंपरेने हा कोष्टी समाजाचा व्यवसाय आहे.

आकार व अर्थ

त्रिकोणांची अशी रांग भारतातील अनेक वस्त्रपरंपरांत आढळते. मात्र तिचा अर्थ प्रदेशानुसार बदलतो. ओडिशात तिला ‘कुंभ’ म्हणतात, तर दक्षिणेतील रेशमी साड्यांवर ती देवळांच्या शिखरांची ओळ मानली जाते. विदर्भातील नाव मात्र रोजच्या वापरातील अवजारावरून आले आहे.

सद्यस्थिती

‘करवथ काटी’ साड्या व कापडास भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. तथापि छापील काठाच्या स्वस्त नकलांशी हातमागाच्या वस्त्राला स्पर्धा करावी लागते. अस्सल वस्त्रात काठाचा बाणा स्वतंत्र असल्याने रंग भरीव राहतो आणि दाते दोन्ही बाजूंनी सारखेच स्पष्ट दिसतात. छापील काठ उलट बाजूने फिका असतो. तीन धोट्यांची ही वीण हातांनीच शिकावी लागते. त्यामुळे विणकरांची पुढची पिढी मागावर बसली, तरच हा काठ टिकेल.