विश्लेषण : दीड लाखाचा छोटा कॅमेरा घ्यावा का? कसा पारखावा?

खिशात चांगला फोन असतानाही गेल्या काही वर्षांत छोट्या, महागड्या कॅमेऱ्यांची मागणी वाढली आहे. त्याला मोठा हातभार सोशल मीडियाचा. फुजीफिल्मचा एक्स१०० व्ही हा २०२० सालचा कॅमेरा दोन वर्षांनी टिकटॉकवर गाजला आणि दुकानांतून गायब झाला. वापरलेले कॅमेरे नव्यापेक्षा चढ्या भावाने विकले गेले. त्याचा पुढचा अवतार, एक्स१०० व्हीआय, २० फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाला. भारतात त्याची किंमत होती जवळपास १ लाख ६० हजार रुपये. एवढे पैसे मोजून नेमकं काय मिळतं? याच कॅमेऱ्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

‘प्रीमियम कॉम्पॅक्ट’ म्हणजे काय?

लेन्स बदलता येत नाही, आकार लहान, पण आतला सेन्सर आणि लेन्स मात्र दर्जेदार, असा कॅमेरा म्हणजे प्रीमियम कॉम्पॅक्ट. लेन्स कायमची बसवलेली असल्यामुळे कंपनीला ती त्या सेन्सरच्या मापाने बेतता येते. पण तुम्हालाही कायम तीच वापरावी लागते. एक्स१०० व्हीआयला झूमच नाही. त्याची २३ मिमी एफ/२ लेन्स फुल-फ्रेमच्या भाषेत ३५ मिमीचं दृश्य दाखवते. रस्ता, घरातले प्रसंग, जेवणाचं ताट, दोन-तीन माणसं यांसाठी ती उत्तम. स्टेजवरचा गायक किंवा झाडावरचा पक्षी तिच्या आवाक्याबाहेरचा.

मोठ्या सेन्सरने काय फरक पडतो?

सेन्सर जितका मोठा, तितका प्रकाश जास्त गोळा होतो. महागड्या फोनमधला मुख्य सेन्सर साधारण १० × ७.५ मिमीचा असतो. एक्स१०० व्हीआयमधला एपीएस-सी सेन्सर २३.५ × १५.६ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास पाचपट. जाहिरातीतला ‘१ इंची’ सेन्सर मात्र १ इंचाचा नसतो. तो १३.२ × ८.८ मिमी असतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून आलं आहे.

भर उजेडात काढलेला फोटो फोनच्या स्क्रीनवर पाहिला, तर हा फरक बहुतेकांना कळणारही नाही. तो कळतो कमी प्रकाशात, तेही समोरचं माणूस हलत असताना. फोनचा नाइट मोड एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते जोडतो. देवळाच्या दीपमाळेसाठी हे छान चालतं. पण हळदीत नाचणारी मंडळी किंवा धावणारं मूल पुसट होतं. मोठा सेन्सर आणि एफ/२ लेन्स असेल, तर तोच क्षण एकाच फोटोत पकडता येण्याची शक्यता खूप वाढते.

४० मेगापिक्सेल हवेत कशाला?

इन्स्टाग्रामची उभी पोस्ट साधारण १०८० × १३५० पिक्सेलची, म्हणजे दीड मेगापिक्सेलहूनही कमी. एक्स१०० व्हीआयचा फोटो ७७२८ × ५१५२ पिक्सेलचा असतो. निव्वळ पोस्टसाठी हे पिक्सेल गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यांचा खरा उपयोग कापण्यासाठी. ३५ मिमीचा फोटो कापून ५० मिमीसारखा केला तरी जवळपास २० मेगापिक्सेल उरतात, ७० मिमीसारखा केला तर १०. झूम नसल्याची थोडी भरपाई अशी होते. मात्र फाइल मोठ्या होतात, त्यामुळे कार्ड, हार्डडिस्क आणि लॅपटॉपचा खर्चही हिशेबात धरा.

स्टॅबिलायझेशन काय करतं, काय करत नाही?

या मालिकेत पहिल्यांदाच एक्स१०० व्हीआयमध्ये सेन्सर हलवून हाताचा कंप झाकण्याची सोय आली. कंपनीच्या म्हणण्यानुसार तिचा फायदा ६ स्टॉपपर्यंत आहे. पण ती सावरते फक्त तुमचा हात. समोरचं माणूस हललं तर ते पुसटच येणार. तिथे शटरचा वेगच वाढवावा लागतो. चालत-चालत घेतलेला व्हिडिओही जिंबलइतका स्थिर येत नाही.

व्हिडिओसाठी कसा आहे?

कागदावर दमदार : ६.२के ३० फ्रेमपर्यंत, ४के ६० फ्रेमपर्यंत आणि १०-बिट रंग. आत एनडी फिल्टरही आहे, तो प्रकाश एक-षोडशांश करतो. त्याचा उपयोग असा : २५ फ्रेमच्या व्हिडिओत हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटर साधारण १/५० ठेवतात. कडक उन्हात तेवढ्या वेळात चित्र पांढरंफटक पडतं, म्हणून प्रकाश अडवावा लागतो. भर दुपारी एफ/२ वर हा फिल्टरही पुरत नाही, अ‍ॅपर्चर लहान करावंच लागतं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे ट्यूबलाइट किंवा साध्या एलईडीखाली ३० फ्रेम, १/६० शटर ठेवलं तर पट्टे दिसू शकतात. २५ किंवा ५० फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० शटर ठेवा. हे कोणत्याही कॅमेऱ्याला लागू आहे.

अडचण दुसरीकडे आहे. याची स्क्रीन वर-खाली झुकते, पण समोर वळत नाही. स्वतःचंच चित्रण करणाऱ्याला आपण फ्रेममध्ये आहोत की नाही हे दिसत नाही. माइकचं छिद्र २.५ मिमीचं, तर बहुतेक माइकची पिन ३.५ मिमीची; म्हणजे अ‍ॅडॅप्टर आलाच. व्हिडिओची सोय असलेला हा फोटोचाच कॅमेरा आहे.

कोणत्या गोष्टी नजरेतून सुटतात?

बॅटरी आणि कार्डासह वजन ५२१ ग्रॅम, जाडी साडेपाच सेंटिमीटर. जॅकेटच्या खिशात जेमतेम बसेल, जीन्सच्या नाही. पाण्यापासून संरक्षण हवं तर अ‍ॅडॅप्टर रिंग आणि फिल्टर वेगळे घ्यावे लागतात. त्यांच्याशिवाय कोकणातल्या पावसात तो बाहेर काढणं जोखमीचं.

मग पर्याय कोणते?

- खिशात मावणारा, फक्त फोटोसाठी : रिको जीआर थ्री. वजन २५७ ग्रॅम, एपीएस-सी सेन्सर, २८ मिमीचं दृश्य. व्हिडिओ मात्र फुल एचडीच.
- व्ह्लॉगसाठी : कॅननचा जी७ एक्स मार्क थ्री. १ इंची सेन्सर, २४ ते १०० मिमी झूम, समोर वळणारी स्क्रीन, माइकची सोय.
- प्रवासात लांबचं टिपायला : सोनीचा आरएक्स१०० सेव्हन. १ इंची सेन्सर, २४ ते २०० मिमी झूम. पण झूम केल्यावर लेन्समधून प्रकाश कमी येतो.

हे तिन्ही २०१९ चे कॅमेरे आहेत. या वर्गात नवं मॉडेल म्हणजे आपोआप आपल्या कामाचं, असं नसतं.

घेण्यापूर्वी काय कराल?

फोनमधले गेल्या वर्षभरातले फोटो चाळा आणि फसलेले वेगळे काढा. अंधारात पुसट झालेले जास्त असतील तर मोठा सेन्सर उपयोगी पडेल. लांबचे असतील तर झूम हवा. फसलेले फारसे नसतील तर पैसे वाचले.

रिव्ह्यू पाहताना कॅमेरा कंपनीने दिला आहे का ते बघा. अशी भागीदारी उघड सांगावी, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेचे २०२१ पासूनचे नियम आहेत. शक्य असल्यास कॅमेरा दोन दिवस भाड्याने घेऊन नेहमीच्या जागी वापरा. दुकानात स्वतःचं कार्ड घालून आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात चालत्या माणसाचे फोटो काढा आणि ते घरी मोठ्या स्क्रीनवर पाहा. विकत घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याची खात्री करा. तुटवड्याच्या काळात छापील किमतीहून जास्त पैसे देऊ नका. व्हायरल झालेली वस्तू काही महिन्यांनी पुन्हा बाजारात येते, तेव्हा गडबड फक्त विकणाऱ्याला असते.