घरविक्रीची पूर्वतयारी (शहापूर व मुरबाड)

विक्रीस काढलेले घर गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी डागडुजी करून, मोकळे करून व कागदोपत्री निर्वेध करून ठेवण्याचे काम. मोठ्या शहरांत याला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात त्याला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येऊ लागले. तेथे भर फर्निचर, दिवे आणि रंगसंगतीवर असतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत मात्र घराची किंमत छप्पर, पाणी आणि कागद या तीन गोष्टींवर ठरते. सजावटीला त्यानंतरचे स्थान आहे.

येथे विकली जाणारी घरे प्रामुख्याने तीन प्रकारची असतात : गावठाणातील जुनी कौलारू घरे, वासिंद-आसनगाव पट्ट्यातील इमारतींतल्या सदनिका आणि शेतजमिनीवरची वा बिनशेती भूखंडावरची सुट्टीची घरे. गिऱ्हाईक बहुधा कल्याण, डोंबिवली, ठाणे किंवा मुंबईचे असते. शहापूरला कसारा मार्गाची लोकल व नाशिक महामार्ग यांचा आधार आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पाही जून २०२५ मध्ये खुला झाला. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही. तेथील दळणवळण कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चालते. येऊ घातलेल्या रेल्वेच्या भरवशावर भाव सांगणे विक्रेत्याने टाळावे.

तयारीची सुरुवात कागदांपासून करणे शहाणपणाचे ठरते, कारण काही घरे कितीही सजवली तरी हव्या त्या माणसाला विकताच येत नाहीत. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचाही काही भाग त्यात मोडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन शासकीय मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी कुटुंबांच्या हातून जमिनी कशा निसटत गेल्या हे पाहिले, म्हणजे या तरतुदीचे मोल कळते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला मिळते, पण विकता येत नाही. घर शेतजमिनीवर असेल, तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे खरेदीदार सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो.

गावठाणातील घराचा नेहमीचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. तलाठ्याकडचा ८-अ हा खाते उतारा वेगळा, आणि दोहोंची गल्लत वारंवार होते. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावठाणांत मालमत्ता पत्रक मिळते. ते हाती असल्यास व्यवहार सोपा होतो. वडिलोपार्जित घरात बहिणींचा हिस्सा असतो. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. म्हणून बहिणींची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधीच घेतलेले बरे. नाहीतर विसार दिल्यानंतर सौदा अडतो.

दुरुस्तीत छप्पर पहिले. दोन्ही तालुक्यांत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आगोटीला घर शाकारताना फुटकी कौले बदलणे, रिपा व वासे वाळवीसाठी ठोकून पाहणे हे काम विक्रीच्या वर्षी चुकवू नये. कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा गिलावा केलेल्या कुडाच्या भिंतीवर सिमेंट थापणे हा सर्रास होणारा, पण वाईट उपाय आहे : आत ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. पुन्हा माती लिंपून चुना देणेच योग्य. सागाच्या खांब-तुळयांना ऑइलपेंट फासू नये. घासून जवसाचे तेल दिले की लाकडाची जात दिसते, आणि जुन्या घराची निम्मी ऐट त्या लाकडातच असते.

पाण्याची खात्री त्याहून निकडीची. मुंबईची तहान भागवणारी तानसा, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तरी येथल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून विहीर वा बोअर मे महिन्यात दाखवणे सर्वांत प्रामाणिक. भाद्रपदात तर प्रत्येक विहीर भरलेलीच दिसते. छपराची परीक्षा मात्र उलट, भर पावसात होते. प्रत्यक्षात बहुतेक लोक दसरा-दिवाळीनंतर घर दाखवायला काढतात; पितृपक्षात व्यवहार टाळण्याची रीत आहे.

मांडणीचे काम थोडके असते. माळ्यावरची अडगळ उतरवणे, पडवीतील सरपण व पोती हलवणे, परसातले गवत कापणे, मोरी घासणे आणि अंगण सारवणे. गवत काढल्याने सापविंचवाची धास्ती जाते, शिवाय हद्दीचे दगड दिसतात. देव्हाऱ्यातले देव सहसा विकणाऱ्या कुटुंबासोबतच जातात; तुळशीवृंदावन, हांडे-घंगाळ, जाते यांपैकी काय मागे राहणार हे आधीच सांगितलेले चांगले.

रंगसफेदीची मर्यादा कायद्याने आखली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. हे हक्कातील दोषालाही लागू आहे. गळकी भिंत चुन्याने झाकणे त्यामुळे तयारीत मोडत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यावर सूची २, थकबाकी नसल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला आणि शेवटचे वीजबिल खरेदीदाराच्या हाती द्यावे. घरपट्टी व वीजमीटरवरील नाव त्यांच्या आधारे बदलते.